कॉमन संडासात बायकांसाठी चाळीस हजारात काय करून घ्यावं?

बोळातली_वहिनी
नमस्कार सगळ्यांना. विषय बायकांचा आहे पण पुरुषांनीही वाचावा, कारण पैसे पुरुषांच्या हातात आहेत.

आम्ही कोल्हापुरात जुन्या पेठेत राहतो. मोठे वाडे वाटण्या होऊन होऊन खोल्या खोल्या झालेत, घरात मोरी आहे पण संडास नाही, काढायचा म्हटलं तर ड्रेनेजची लाईन न्यायला जागा नाही आणि भाऊबंदकीत सह्या मिळत नाहीत. तर बोळाच्या तोंडाला कॉमन संडास आहे, बायकांकडं पाच सीट, त्यातली एक तुंबलेलीच असते म्हणून चारच धरायच्या. सकाळी सहा ते आठ लाईन.

यंदा आमच्या तरुण मंडळानं गणपतीत डॉल्बी लावला नाही. त्यातले उरलेले आणि एका दुकानदारानं घातलेले असे चाळीस हजार रुपये आहेत आणि पोरांनी ठरवलंय की ८ मार्चला महिलांसाठी काहीतरी करायचं. काहीतरी म्हणजे काय, तर पॅडचं मशीन आणि वापरलेलं पॅड जाळायचं मशीन, नारळ, फोटो, झालं. पोरं मनानं चांगली आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण आत पाणीच नाही तिथं मशीन घेऊन करायचं काय? चावी (पाण्याचा नळ) एकच, तीपण बाहेर, बायकांच्या आणि पुरुषांच्या दाराच्या बरोबर मध्ये, शेजारी कट्टा आणि कट्ट्यावर कायम चारजण बसलेले. पाणी सुटतं तेवढा वेळ चावी चालू, नाहीतर घरातून बादली भरून न्यायची. एरवी एका बादलीत भागतं. पाळीत नाही भागत, अंग धुवायचं, हात धुवायचे, खाली सांडलेलं धुवून काढायचं (मागची बाई आत येणार असते) आणि दुसरी बादली आणायला बाहेर पडलं की अख्ख्या बोळाला कळतं हिचे दिवस आहेत. आत हुक नाही, नवीन पॅड धरायचं कुठं, दातात? कडी दोनच दारांना आहे. बल्ब गेला की महिनाभर गेला. वापरलेलं टाकायला डबा नाही म्हणून मी कागदात गुंडाळून ओढणीखाली परत घरी आणते. सगळ्याजणी आणत नाहीत, आणि ती पाचवी सीट का तुंबते हे सगळ्यांना माहीत आहे पण कुणी बोलत नाही.

रविवारी मंडळाची मीटिंग आहे, मला 'महिला प्रतिनिधी' म्हणून बोलावलंय. चाळीस हजारात नेमकं काय मागू? आणि वीस-बावीस पोरांसमोर सांगू कसं?

तांबडा_पांढरा
विषय महत्त्वाचा आहे ताई, पण बायकांसाठी वेगळा विभाग आहे तिथं टाकला असता तर बरं झालं असतं. घरातली लहान मुलंही वाचतात इथं.

मंडईतली
लहान मुलं म्हणजे कोण ओ दादा? माझी पोरगी पाचवीत हाय आणि तिला मागल्या महिन्यात आली. तिनं वाचलं तर बरंच हाय.

वहिनी, मी भाजी विकतो. कुठल्या मंडईत ते सांगत नाही, सगळीकडं सारखंच हाय. पहाटे घरातनं निघताना जे जाऊन येतो ते परत दुपारी घरी गेल्यावर. मधी पाणी प्यायचंच नाही, च्या कुणी दिला तर नको म्हणायचा, ऊन किती का असंना. पाळीत दोन पॅड एकावर एक लावतो आणि बसतो, मांड्या सोलून निघतात. संडास हाय की, नाही असं नाही, पैसे दिऊन जायाचा हाय, पण आत नुसतं रिकामं टमरेल. बाहेरच्या माणसाकडनं पाणी मागून घ्यायचं. त्यो विचारतो किती पायजे. आता त्याला काय सांगू किती पायजे ते?

फुकट_सल्ला
वहिनी पहिल्यांदा पोरांना हे विचारा की मशीनमध्ये पॅड भरणार कोण. बाकी सगळे प्रश्न नंतर.

सिस्टर_नाईटड्युटी
मंडईतल्या ताई, दोन एकावर एक लावून काही फायदा नाही हो. वरचं भिजलं की ओल कातडीला लागूनच राहते, खालचं नुसतं जागा अडवतं. साधारण चार ते सहा तासांनी बदलायला पाहिजे, रक्त कमी जात असलं तरी, कारण प्रश्न नुसत्या डागाचा नसतो, ओल आणि उबेचा असतो, त्यातून बुरशी आणि पुरळ होतं. आणि पाणी न पिणं हे तर फार वाईट. वॉर्डात येणाऱ्या कितीतरी बायका लघवीला जळजळ, ताप, पाठीत कळ घेऊन येतात आणि विचारलं की उत्तर एकच, 'जायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाही'. लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वेळ मिळतो, एवढं साधं आहे ते.

दुसरं. फडकं वापरणाऱ्या बायकांना कुणी हिणवू नका. सुती फडकं साबणानं गार पाण्यात धुतलं (गरम पाण्यात घातलं की डाग पक्का बसतो) आणि कडक उन्हात वाळवलं तर काही वाईट नाही. वाईट होतं ते कपाटामागं नाहीतर ओल्या परकराखाली लपवून वाळत घातलेलं, ते वाळतच नाही नीट. म्हणजे तिथंही पाणी आणि ऊन या दोनच गोष्टी कमी पडतात बघा. मशीननं त्यातलं काय मिळणार?

बिंदू_चौक
एक शंका, राग मानू नये. वहिनींनी लिहिलंय की घरात मोरी आहे. मग पॅड बदलायला संडासात कशाला जायला पाहिजे? मोरीत पाणी आहे, घर आपलं आहे.

बोळातली_वहिनी
रागाचं काही नाही, प्रश्न बरोबर आहे. आमची मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात चार फरश्या आणि अडीच फुटाची भिंत, वर पडदा. सासरे, दीर, दोन पोरं आणि आम्ही दोघं एकाच खोलीत. दुपारी सगळे बाहेर असले तर जमतं, सकाळी सातला आणि रात्री कसं जमणार? आणि मोरीतच भांडी घासायची असतात. सासूबाई असेपर्यंत तर चार दिवस मोरीला शिवायचंच नाही असं होतं.

कावळ्याची_शाळा
आमच्याकडं अजूनही आहे ते. घरातल्या मोरीचं सोडा, बोळातल्या चावीलासुद्धा हात लावू देत नाहीत एकदोन म्हाताऱ्या. कोण बसलंय (पाळीत आहे) ते त्यांना बरोबर कळतं, बादल्यांवरून. मग दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, जरा एवढी बादली भरून दे गं. तिला वेळ असला तर ती देणार. म्हणून मला वहिनींचं ते दुसऱ्या बादलीचं वाक्य एकदम पटलं. नळ आत असला ना, की कोण किती पाणी घेतंय हे मोजायला कुणी नाही. म्हाताऱ्यांना सुधारत बसायची गरजच नाही मग, त्यांना कळणारच नाही.

सिस्टर_नाईटड्युटी
कावळ्याची शाळा, क्या बात! हे आमच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

डॉल्बी_बंद
मी दुसऱ्या पेठेतल्या मंडळाचा. आम्ही मशीन बसवलेलं आहे म्हणून सांगतो. पाच रुपयाचं नाणं टाकायचं आणि पॅड खाली पडणार. उद्घाटन जोरात झालं, पेपरात फोटो आला. पहिलं पाकीट संपलं तेव्हा भरायचं कुणी यावर दोन मीटिंगा झाल्या. मग कुणीतरी जुनं दोन रुपयाचं नाणं अडकवलं. कंपनीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला सर्व्हिस चार्ज वेगळा. आता त्याच्यावर लोक टॉवेल टांगतात. जाळायचं मशीन तर आम्ही लावलंच नाही, लाईटचं कनेक्शन त्या लोडला चालेना.

मशीनपेक्षा सरळ बोळातल्या एखाद्या किराणावाल्या काकींकडं पॅड ठेवा. जनऔषधी दुकानात सुविधा नावाचं पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं (आधी अडीच होतं). शंभर घेतली तर शंभर रुपये. मशीनच्या पैशात किती वर्षं जातील बघा हिशोब करून.

घरफाळा_भरला
एक रुपयाचं पॅड आमच्याकडच्या दुकानात कधी असतं कधी नसतं, पण मिळतं. जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा बारा टक्के जीएसटीपण काढलाय. थोडक्यात पॅड मिळण्याचा प्रश्न पूर्वीएवढा राहिलेला नाही शहरात तरी. बदलायचं कुठं आणि टाकायचं कुठं हाच राहिलाय, आणि त्यावर कुणी स्पॉन्सर होत नाही कारण डब्याचं उद्घाटन करता येत नाही.

हिरवा_वारा
जाळायच्या मशीनबद्दल. मी कचरा विषयात काम करते म्हणून जरा लांबण लावते, माफ करा. पॅडमध्ये वरचा थर प्लास्टिकचा, खालचा थर प्लास्टिकचा आणि मध्ये कापसासारखा लगदा आणि जेल होणारी पावडर. हे नीट जळायला ८०० डिग्रीच्या वर तापमान लागतं, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं दिलेलं आहे. संडासाच्या भिंतीला लावायची ती छोटी डबी तेवढी तापत नाही. अर्धवट जळतं, धूर निघतो, आणि त्या धुरात डायॉक्सिन-फ्युरान सारखी विषारी द्रव्यं असू शकतात. वहिनींचा बोळ अरुंद आहे म्हणताय, धुराडं निघणार कुणाच्या खिडकीत? मोठ्या भट्ट्यांत, जिथं दवाखान्याचा कचरा जातो तिथं हे जाळणं वेगळं. बोळात नको.

कायद्यानं बघायचं तर २०१६ च्या घनकचरा नियमांत असं होतं की पॅड बनवणाऱ्या कंपनीनं प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यायची आणि आपण गुंडाळून द्यायचं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायकांनी २०१३ साली वापरलेली पॅड गोळा करून थेट कंपन्यांनाच परत पाठवली होती, घ्या तुमचं तुम्ही म्हणून. नंतर त्यांनी लाल ठिपक्याची पद्धतही चालवली, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. कागद फुकट, स्केचपेन दहा रुपये.

मुकादमाचा_पोरगा
माझे वडील सफाईला होते, आता रिटायर आहेत. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले पाचव्या सीटचं मी सांगतो.

फडकं टाकलं तर ते अडकतं पण ओढून निघतं. पॅड पाण्यात फुगतं, त्यातली जेल चेंबरच्या वळणाला जाऊन बसते आणि मागनं येणारं सगळं तिथं अडतं. सक्शनची गाडी पेठेच्या बोळात येत नाही, मग बांबूच्या कामट्या आणि हुक. कामट्यांनी नाही निघालं तर हात. २०१३ चा कायदा आहे हातानं मैला काढायचा नाही म्हणून, कायदा वडलांना पाठ आहे, पण ते म्हणतात सकाळी सातला बोळातल्या बायका डोक्यावर उभ्या असतात काढा म्हणून, तेव्हा कायदा काढून दाखवायचा होत नाही. कितीतरी वेळा हातमोजे न घालता काढलंय. घरी आल्यावर आई त्यांना बाहेरच अंघोळ घालायची आणि ते कशाचं होतं हे आम्हाला कधी सांगायचे नाहीत. आज पहिल्यांदा सांगितलं, ते पण तुमच्या धाग्यामुळं.

ते बायकांना दोष देत नाहीत. डबाच नाही तर काय करतील, हातात घेऊन कट्ट्यावरच्या चारजणांसमोरनं जातील का? पण त्यांचं म्हणणं, डबा ठेवताना डबा उचलणार कोण हे आधी ठरवा. डबा ठेवला आणि उचलला नाही तर चौथ्या दिवशी कुत्री ओढतात, आणि मग बोळातले पुरुषच डबा काढून टाकतात, हे त्यांनी बघितलंय. सफाईवाल्याला 'तूच कर' म्हणू नका, त्याला वेगळी पिशवी, हातमोजे आणि महिन्याचे काहीतरी पैसे द्या.

मंडईतली
बाबांना नमस्कार सांगा. आमी टाकतो की ओ सीटमध्ये. खरं सांगतो. आता नाही टाकणार.

फिटर_उद्यमनगर
प्लंबिंग करतो, फुकट सल्ला देतो. आत नळ द्यायचा तर नुसता नळ लावून होणार नाही, टाकी पाहिजे, कारण चावीला पाणी ठरल्या वेळेलाच येणार आणि बायका त्या वेळेला थांबणार नाहीत.

हिशोब बघा. स्वच्छ भारतच्या नॉर्म्सप्रमाणे कॉमन संडासात २५ बायकांमागं एक सीट (पुरुषांना ३५ मागं एक). तुमच्या चार सीट चालू म्हणजे शंभर बायका धरू. एकीला दिवसाला दहा लिटर धरलं तर हजार लिटर. म्हणजे हजार लिटरची एक टाकी, फ्लोटसकट (टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं). आत प्रत्येक सीटजवळ नळ जमिनीपासून दीड फुटावर, डाव्या हाताला. जेट (फवाऱ्याची नळी) लावू नका, मोडतात, आणि टाकी दहा फूट उंचीवर असली तर प्रेशरही पुरत नाही (दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर, तुमच्याकडं पाव किलो मिळेल, साध्या नळाला ते चालतं). पितळी नळ अजिबात नको, आठवड्यात भंगारात जातील. पीटीएमटीचे प्लास्टिक नळ घ्या. मेन पाऊण इंची, फाटे अर्धा इंची, आणि प्रत्येक फाट्याला दाराच्या बाहेर उंचावर एक बॉल व्हॉल, म्हणजे एक नळ गळायला लागला तर तेवढाच बंद करता येईल, नाहीतर रात्रीत टाकी रिकामी आणि सकाळी सगळ्या बोंबलत.

खर्च माझ्या अंदाजानं टाकी सात-आठ हजार, पाईप-फिटिंग नऊ-दहा, पाणी वर चढत नसेल तर अर्ध्या एचपीची मोटर चार-पाच, मजुरी वेगळी. तीस हजारात बसवतो. उरलेल्यात कड्या, हुक, बल्ब, डबे.

घरफाळा_भरला
परवानगीचं विसरू नका. इमारत सार्वजनिक आहे, टाकी बसवायची तर वॉर्डात अर्ज द्यावा लागेल, मंडळाच्या लेटरहेडवर द्या, पोहोच घ्या. आणि कनेक्शन अधिकृत आहे का बघून घ्या, नाहीतर टाकी तुमची आणि दंडपण तुम्हालाच.

राजाराम_बंधारा
अवांतर होईल पण लिहितोच. २०१९ च्या पुरात आम्ही एका हॉलमध्ये होतो, बायकापोरं सगळी. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि त्या वर्षी ५५ च्या वर गेली होती. पाणी उपसायचे पंपच पाण्याखाली, त्यामुळं पुराच्या मधोमध शहराला नळाचं पाणी नाही. तेव्हा मदत एवढी आली की बोलायची सोय नाही, बिस्किटं, ब्लँकेट आणि पॅडचे खोकेच्या खोके, पुणे-मुंबईहून. माझी बायको म्हणायची पॅडचा डोंगर आहे आणि धुवायला तांब्याभर पाणी नाही, बदलायला आडोसा नाही. चार बायका साड्या धरून उभ्या राहायच्या आणि पाचवी मध्ये. २०२१ ला परत पंप बुडाले, परत तेच.

त्यामुळं पाणी पहिलं, हे आमच्या घरात पटवून द्यावं लागत नाही.

बिंदू_चौक
आता तरी थेट पाईपलाईन झाली आहे, २०२३ ला काळम्मावाडीचं पाणी आलं. इतकी वर्षं वाट बघितली कोल्हापुरानं.

फुकट_सल्ला
धरणापासून शहरापर्यंत आलं हो. बोळाच्या तोंडापासून सीटपर्यंतचे दहा फूट राहिलेत, ते वहिनींनी करायचे.

कॉलेजकट्टा
पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरा ना मग. मी दोन वर्षं वापरते, कचराच नाही. एवढी चर्चा कशाला.

सिस्टर_नाईटड्युटी
कॉलेजकट्टा, कप चांगलाच आहे, बारा तासांपर्यंत चालतो म्हणजे सकाळी-रात्री घरीच रिकामा करता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण हात साबणानं स्वच्छ धुवून मगच घालायचा-काढायचा, आणि पाळी संपली की उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं. एका खोलीत सासऱ्यांसमोर गॅसवर कुठलं भांडं ठेवायचं सांग बरं. ज्यांना जमेल त्यांनी जरूर वापरावा, बाटलीत पाणी घेऊन गेलं तर कॉमन संडासातही जमतो. पण कप आला म्हणून नळ नको असं होत नाही, उलट कपाला हात धुवायला पाणी जास्तच लागतं.

कॉलेजकट्टा
बरोबर आहे. आमच्याकडं अटॅच्ड बाथरूम आहे, हे डोक्यातच नाही आलं.

तांबडा_पांढरा
मी वर जे लिहिलं ते असू द्या. एक विचारतो, मीटिंगमध्ये पाळीचं नाव न काढता नुसतं 'आत नळ पाहिजे' म्हटलं तर भागणार नाही का? पोरं लाजणार, वहिनीपण अवघडणार. काम झाल्याशी मतलब.

कावळ्याची_शाळा
नुसतं नळ म्हणाल तर ते म्हणतील बाहेर आहे की. मग पुरुषांकडं पण पाहिजे, मग आधी कट्ट्यावर फरशी, मग हायमास्ट. आमच्या बोळात अशीच एक टाकी शेवटी तालमीवर गेली. स्पष्टच बोला.

मंडईतली
बोला ओ वहिनी. पोरांच्या आया हाईत की तितंच. दोघी-तिघींना संगं न्या. पोरगं आईसमोर मशीनचा हट्ट धरत नाही.

डॉल्बी_बंद
मंडळातल्या पोरांचं मानसशास्त्र सांगतो. त्यांना फोटो पाहिजे. नळाचा फोटो येत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. टाकी काळी न घेता पांढरी घ्या आणि त्याच्यावर मंडळाचं नाव, स्थापना साल आणि वाघाचं तोंड मोठ्ठं रंगवायचं कबूल करा. रस्त्यावरनं दिसलं पाहिजे. पाच मिनिटात ठराव पास.

फुकट_सल्ला
नाद खुळा. हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

जुनी_वाचक
वकिली करते, एवढंच सांगते की हे काही मेहेरबानी म्हणून मागायचं नाही. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राईट टू पी' म्हणून मोहीम चालवली, कारण पुरुषांना लघवीला फुकट आणि बायकांना पैसे असा प्रकार होता. मुंबई हायकोर्टानं २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी नीट स्वच्छतागृहं करा म्हणून आदेश दिलेत, पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाची याचिका होती ती. अर्जात याचा उल्लेख एका ओळीत करा. अर्जाचा मसुदा मी इथं टाकते उद्या, वॉर्डाचं नाव तेवढं घाला.

बोळातली_वहिनी
सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली, सविस्तर लिहिते.

मी, शेजारच्या काकी आणि मंडळाच्या अध्यक्षाची आई अशा तिघी गेलो. मी कागदावर लिहून नेलं होतं पण वाचायची वेळच आली नाही, काकींनी पहिल्याच वाक्याला 'तुमच्या मशीनमधनं पाणी येतंय का रे?' म्हणून विचारलं आणि पोरं खाली बघायला लागली. मग मी बोलले, पाळी हा शब्द तीन-चारदा आला, छत काही पडलं नाही. एकानं विचारलं की बादली नेताय तर दोन न्या की एका वेळी, त्याला त्याच्याच आईनं विचारलं एका हातात बादली, दुसऱ्या हातात बादली, मग दार लावणार कशानं? तो उठून चहा सांगायला गेला.

जाळायचं मशीन रद्द. टाकी आणि पाच नळ मंजूर, वाघासकट. कड्या-हुक लगेच बसवून घेतो म्हणाले. पॅडच्या मशीनवर तिघेजण अडून बसलेत, त्यांना डॉल्बी बंद यांचा टॉवेलवाला किस्सा वाचून दाखवला, विचार करतो म्हणाले. किराणावाल्या काकी पॅड ठेवायला तयार आहेत पण पुरुष गिऱ्हाईक असताना मागायचं नाही अशी अट घातलीय त्यांनी, बघू.

अडलंय ते डब्याचं. मुकादमाचा पोरगा, तुमच्या वडलांचं सगळं सांगितलं मी, नाव न घेता. सगळे गप्प झाले. पण महिन्याचे पैसे म्हटल्यावर कुणी बोलेना, घरटी वीस रुपये काढायचे म्हटलं तर चाळीस घरांचे आठशे होतात, आणि भाडेकरू म्हणतात घरमालकानं द्यावेत. पुढच्या मीटिंगला ढकललं.

मुकादमाचा_पोरगा
वडील म्हणतात टिपरवर (कचऱ्याच्या गाडीवर) येणाऱ्या माणसाशी आधी बोला, तो वेगळी पिशवी घेतो म्हणाला तर आठशे लागणार पण नाहीत, चारशे द्या. आणि डबे आत ठेवायच्या आधी हे बोलून घ्या, नंतर नको. पायानं उघडायचा झाकणवाला घ्या, आत जुनी पिशवी आणि शेजारी रद्दी कागद दोऱ्यानं टांगून.

हिरवा_वारा
आणि लाल ठिपका. स्केचपेन मी पाठवते.

फिटर_उद्यमनगर
वहिनी, काम घ्यायच्या आधी वरचा फोटो टाका. स्लॅब आहे का पत्रा? पाण्यासकट टाकीचं वजन टनभर होतं.

बोळातली_वहिनी
पुढच्या बाजूला, म्हणजे पुरुषांकडं स्लॅब, बायकांकडं पत्राच आहे.

फिटर_उद्यमनगर
मग टाकी पुरुषांच्या बाजूला वर चढवायची आणि लाईन भिंतीतनं बायकांकडं फिरवायची. तिकडं एकही नळ काढून देऊ नका, कुणी कितीही मागू दे, नाहीतर दुपारच्या आत टाकी संपते. स्लॅब किती जुना आहे आणि खालनं सळी दिसतेय का तेवढं बघून सांगा, मी शनिवारी टेप घेऊन येतो.